हौसेरावांच्या डोळ्यांची बदली

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये हौसेरावांनी पहिल्यांदा सूर्याची गोणी फुलाला दिली, तेव्हा हमालांची सगळी टोळी हसली. दुसऱ्यांदा दिली तेव्हा कोणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी बटाट्याच्या चार गोण्या अशा एका टेम्पोत चढवल्या, जो तिथं नुसता चहा प्यायला थांबला होता. टेम्पोवाला चहा पिऊन पनवेलला गेला आणि गोण्याही गेल्या. संध्याकाळी तो बिचारा आपणहून परत आला आणि म्हणाला, ‘माल चांगला आहे, पण मी बाथरूमच्या फरशा नेतो.’

झालं होतं असं, की मार्केटात प्रत्येक व्यापाऱ्याचा एक मार्का असतो. तो गोणीवर रंगवलेला असतो आणि तोच गाळ्याच्या शटरवर. वाचता येवो न येवो, चित्र ओळखलं की गोणी कुठं टाकायची ते कळतं, अशी कुण्या जुन्या शहाण्या माणसानं सोय करून ठेवलेली. त्या शहाण्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली नाही. सूर्याला किरणं असतात, फुलाला पाकळ्या असतात, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी, थोड्या अंतरावरून, दोन्ही म्हणजे एक गोल आणि त्या गोलाभोवती गडबड.

टोळीचे मुकादम नाना. माणूस वाईट नव्हता, पण चुकलेल्या गोणीचा भुर्दंड सगळ्या टोळीला वाटून बसायचा, आणि तो भरताना नानांचा चेहरा फार वाईट व्हायचा.

“हौसा, आता बास,” नाना म्हणाले. “अजून एक गोनी चुकली की तू टोळीत न्हाईस. बिल्ला काढून ठिवायचा. मी म्हनत न्हाई, टोळी म्हनती.”

“मंग मी काय करू?”

“तवर सगळ्यांच्या मागं चाल. म्होरच्याच्या पाठीकडं बघायचं आन त्यो जाईल तिकडं जायाचं. डोकं वापरू नगंस.”

तेव्हापासून हौसेराव रांगेच्या शेपटीला लागले. टोळीतून निघालेल्या बावन्न वर्षांच्या हमालाला दुसरी टोळी घेत नाही, हे त्यांना माहीत होतं. पाटणकडं गावी भाऊ होता, पण भावाकडं भावजय होती. तेव्हा डोळ्यांचं काहीतरी करणं भाग होतं.

आधी ते वाशीतल्याच एका चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं यंत्रासमोर बसवायच्या आधी अंदाजे किंमत सांगितली. ती हौसेरावांना चष्म्याशिवाय अगदी स्वच्छ दिसली. ते नमस्कार करून बाहेर आले.

मग कळलं, सानपाड्याला ‘उजेड सहाय्य निधी’ म्हणून एक ट्रस्ट आहे. मार्केटचा बिल्ला असलेल्या माणसाला डोळ्यांची तपासणी फुकट आणि चष्म्याचा सगळा खर्च निधीचा. दोन वर्षांतून एकदा. घरच्यांनाही वेगळा मिळतो. राजाबाईंनी, म्हणजे हौसेरावांच्या बायकोनं, गेल्या साली तिथूनच चष्मा आणला होता. राजाबाई जुईनगरच्या सोसायट्यांत पोळ्या करायच्या आणि त्यांना पोळीवरचा डाग तीन मजल्यांवरून दिसायचा, पण तपासणी फुकट होती. तो चष्मा त्या लग्नकार्याला लावायच्या.

एकच अडचण होती. निधीचं शिबिर मंगळवारी सकाळी, आणि मंगळवारी सकाळी मार्केटात गाड्यांवर गाड्या लागतात. अशा दिवशी गैरहजर राहून नानांच्या तोंडात आणखी एक कारण कोण घालणार? तेव्हा हौसेरावांनी तेच केलं, जे टोळीतल्या कुठल्याही माणसानं केलं असतं. त्यांनी बदली द्यायचं ठरवलं.

बदलीची पद्धत मार्केटात सगळ्यांना ठाऊक. कुणाला गावाला जायचं असलं, कुणाची कंबर धरली, की तो आपल्या जागी बदली उभा करतो. बदली त्याच्या नावावर गोण्या उचलतो आणि हजेरी मूळ माणसाची लागते. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हौसेरावांनी तर एकदा गाड्यांची गर्दी होती म्हणून मेव्हणीच्या लग्नाला बदली पाठवला होता. आहेराच्या फोटोत तो त्यांच्यापेक्षा बरा आला होता.

तो बदली म्हणजे कुलदीप. पस्तिशीचा, अंगानं आडवा. स्वतःचा बिल्ला त्याला कधी मिळाला नाही, त्यामुळं आजवरचं आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या नावानं काढलं होतं आणि एकाच्याही नावाला बट्टा लावला नव्हता.

“मंगळवारी डोळ्याला बदली जाशील का रं?” हौसेरावांनी विचारलं.

“कुठल्या गाळ्यावर?”

“गाळ्यावर न्हाई. डोळ्याला. सानपाड्याला.”

कुलदीपनं विचार केला. “नाश्त्याचं काय?”

“च्या-बिस्किट देत्यात म्हनं.”

“मग जातो. टेन्शन नको घेऊ तात्या.”

हौसेरावांनी त्याला आपला बिल्ला आणि आधार कार्ड दिलं. कार्डावरचा फोटो कुलदीपशी जुळत नव्हता, पण तो हौसेरावांशीही जुळत नव्हता, तेव्हा त्या बाजूनं काळजी नव्हती. ह्या व्यवहारात कुठंतरी काहीतरी चुकतंय, असं घरी जाताना हौसेरावांना अंधुकसं वाटलं. पण त्या दिवसांत त्यांना सगळंच अंधुक वाटायचं, म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

चष्मा तयार होऊन आला तो कुलदीपच्याच हाती. निळ्या डबीत, आत पिवळं फडकं. जुईनगरच्या घरात हौसेरावांनी तो देवापुढं ठेवला, हळदीकुंकू लावलं, फडक्यानं ते पुसलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

भिंत जवळ आली. राजाबाई लांब गेल्या. कुलदीप होता तिथंच राहिला, पण दोन झाला.

“कसं वाटतंय तात्या?” दोघांनी विचारलं.

“उतार लागलाय.”

“कसला उतार?”

“घराला.”

राजाबाईंनी चहा पुढं केला. हौसेरावांनी कपाकडं हात नेला आणि कुलदीपचं नाक धरलं. सोडलं. पुन्हा नेम धरला, आणि पुन्हा नाकच हाताला लागलं.

“अवो,” राजाबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, “ह्यो चष्मा कुनाचा हाय?”

“माझा.”

“आन डोळं कुनाचं तपासलं?”

“कुलदीपचं.”

“मंग त्यो तुमचा कसा?”

“नावावर माझ्या हाय न्हवं!”

राजाबाईंनी चहा परत पातेल्यात ओतला. मग म्हणाल्या, “उद्या जेवायला बी बदली बशीवते. बघू पोट कुनाचं भरतंय.”

कुलदीपला हे लागलं. “काकी, मी काय येडा आहे का? मी माझे डोळे दिलेच नाहीत. तात्यांचे दिले.”

“कसं काय?”

“बदली म्हणजे काय असतं? ज्याच्या जागी उभं राहायचं, त्याच्यासारखंच काम करायचं. मला तर त्या तक्त्यावरची सगळ्यात खालची लाईन दिसत होती. त्याच्याखाली छापखान्याचं नाव होतं, ते पण दिसत होतं. पण तात्यांना दिसलं असतं का? नाही. म्हणून मी सांगितलं नाही. मग ती पोरगी काचा बदलून बदलून विचारायला लागली, आता बरं दिसतं की मगाशी बरं होतं? मी म्हटलं, तात्या काय बोलतील? तात्या तर कायम बोलतात, मागचं बरं होतं. म्हणून मी प्रत्येक वेळी ‘मगाशी’ सांगितलं.”

हौसेरावांना हे ऐकून बरं वाटलं की वाईट, तेच कळेना. एवढं कळलं, की हा चष्मा त्यांच्या डोळ्यांचा नाही आणि कुलदीपच्याही नाही. कुलदीपच्या मनात जे हौसेराव होते, त्यांचा तो चष्मा होता. आणि काचांची जाडी बघता त्या हौसेरावांचे फार हाल चालले होते.

बरं, चष्मा बदलून आणावा, तर लाभार्थ्यानं स्वतः यायचं असा निधीचा नियम. शिबिरात फोटो काढला होता, त्यामुळं निधीच्या दृष्टीनं लाभार्थी कुलदीप होता. आणि डोळे तर हौसेरावांचेच लागणार. म्हणून दोघंही निघाले. तपासणी मंगळवारी आणि तक्रारी रविवारी असा निधीचा रिवाज होता. रविवारी गर्दी जास्त असायची.

सानपाडा स्टेशनसमोर एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर ते कार्यालय. टेबलापलीकडं अरुणा मॅडम. बँकेतून निवृत्त होऊन समाजसेवा करणाऱ्या, मायाळू, पण रांग मोडली की हळव्या होणाऱ्या.

“हौसेराव ज्ञानदेव कोण?”

दोघंही उठले. मग हौसेराव बसले.

“मी,” कुलदीप म्हणाला.

मॅडमनी कॉम्प्युटरवरचा फोटो बघितला, कुलदीपला बघितलं. फोटो तंतोतंत जुळला. “वय बावन्न? वाटत नाही हं अजिबात!”

“अंगमेहनतीचं काम आहे,” कुलदीप नम्रपणे म्हणाला.

हौसेरावांना राहवेना. खोटं फार लांब चाललंय आणि आपण त्याच्या मागं मागं चाललोय, असं त्यांना वाटलं. ते पुन्हा उठले. “म्याडम, खरं सांगायचं तर हौसेराव मी हाय.”

“बाबा, तुमचा नंबर आला की बोला हं,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “आत्ता हौसेरावांचं चाललंय.”

हौसेराव बसले.

आतल्या खोलीत ऋता नावाची मुलगी डोळे तपासायची. शिबिरातलीच ती. तिनं कुलदीपला खुर्चीत बसवलं. कुलदीपनं मान वळवून दारातल्या हौसेरावांना हळूच विचारलं, “तात्या, आता कुणाचे डोळे देऊ?”

“तुझं दे. खरं बोल,” हौसेराव कुजबुजले. खरं बोललं की गाठ आपोआप सुटेल, असा त्यांचा हिशोब.

कुलदीप खरं बोलला. त्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला, खाली छापखान्याचं नाव वाचलं, आणि शेवटी खिडकीबाहेर बोट करून फलाटावर कुठली गाडी लागणार तेही वाचून दाखवलं. ऋतानं काचा घातल्या, काढल्या, यंत्र पुसलं, स्वतः डोळा लावून बघितला. मग ती दारात येऊन ओरडली, “अरुणाताई, ह्यांचा नंबर गेला!”

“कुठं गेला?”

“गेलाच! गेल्या महिन्यात इतका होता, आता काहीच नाहीये!”

अरुणा मॅडम धावत आल्या. “हौसेराव, चष्मा दिवसातून किती वेळ लावत होता?”

“लावलाच नाही मॅडम.”

“मग औषध? व्यायाम? गाजर?”

“गोण्या उचलत होतो,” कुलदीप म्हणाला. खरं बोलायचं ठरलंच होतं.

मॅडम गहिवरल्या. दिलेला चष्मा परत आणून देणारा माणूस निधीच्या कारकिर्दीत पहिलाच, आणि तो देताना डोळे बरे झालेले. त्यांनी कुलदीपच्या हातात फोटोपुरती ती निळी डबी दिली, त्याला निधीच्या फलकाखाली उभं केलं आणि फोटो घेतला. “आता तुम्हाला दोन वर्षं काय, जन्मभर यायला नको!”

कार्यालयात मोठा पडदा होता. त्यावर मॅडमनी हौसेरावांची नजर आधी कशी होती आणि आता कशी लख्ख झाली, ते सगळ्यांना दाखवलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसेरावांनीही वाजवल्या. आपल्याला लख्ख दिसतं, असं त्या पडद्यावर लिहिलेलं होतं म्हणे. त्यांना पडदा दिसत नव्हता.

आणि टाळ्या थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. आता निधीच्या लेखी हौसेरावांना चष्मा लागतच नव्हता. म्हणजे मिळणारही नव्हता. म्हणजे एक गोणी, आणि बिल्ला काढून ठेवायचा.

“आणि हे बाबा कोण? मघापासून काहीतरी सांगतायत,” मॅडमनी विचारलं.

हौसेरावांनी तोंड उघडलं. पण कुलदीप हाडाचा बदली होता. बदली सुटली असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“हे होय?” तो म्हणाला. “हे माझे वडील.”

“अगंबाई! आणि डोळे?”

“फार वाईट.”

“मग आधी नाही का सांगायचं! आईवडिलांना वेगळा चष्मा मिळतो निधीकडून. ज्ञानदेव ना तुम्ही? या बाबा, या. वय किती?”

“बावन्न,” हौसेराव म्हणाले.

“मुलगा बावन्नचा आहे, बाबा,” मॅडम हळुवारपणे म्हणाल्या आणि ऋताकडं बघून त्यांनी डोक्याकडं बोट नेलं.

“चौऱ्याहत्तर,” कुलदीप म्हणाला.

“काय सांगता! केस बघा कसे काळे आहेत!”

हौसेरावांनी कुलदीपला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं. “लका, माझा बा मरून चौदा वर्सं झाली!”

“म्हणून तर म्हणतो. त्यांनी एकदापण घेतला नसेल.”

सकाळी घरातून निघताना ते हौसेराव होते. दहा वाजता ते हौसेराव नव्हते. आता ते हौसेरावांचे वडील होते आणि हौसेराव त्यांच्या शेजारी उभा राहून बिस्किट खात होता. ते गुपचूप खुर्चीत जाऊन बसले.

ऋतानं अंधार केला. समोर वाचता न येणाऱ्यांसाठीचा दुसरा तक्ता लावला. त्यावर काळ्या खुणा होत्या, तीन दात्यांच्या दाताळ्यासारख्या. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. पहिलं दाताळं मोठं होतं, ते दिसलं. पुढं नुसती माती. मग तिनं एक काच घातली.

“बाबा, आता बरं दिसतं की मगाशी बरं होतं?”

हौसेरावांच्या जिभेवर सवयीनं ‘मगाशी’ आलं. त्यांनी ते गिळलं. नीट बघितलं.

“आता,” ते म्हणाले.

“आणि आता?”

“आता बी आताच.”

शेवटी सहीची वेळ आली. हौसेरावांनी पेन घेतलं, ‘ह’ काढायला गेले आणि थांबले. त्यांचा बाप सही शिकला नव्हता. जन्मभर अंगठा देत आला. त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि बापाच्या नावापुढं टेकवला. बाप जिवंत असता तर काय म्हणाला असता? बहुतेक काही नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बघत बसला असता, जसा म्हातारपणी बांधावर बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘कोन हाय त्यो?’ विचारायचा. तेव्हा हौसेरावांना वाटायचं, म्हातारा चौकशा फार करतो. आता खुर्चीत बसल्या बसल्या ते स्वतःशीच ‘कोन हाय त्यो?’ म्हणाले. मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि कुलदीपला म्हणाल्या, “सांभाळा हो ह्यांना.”

घरी राजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डोक्यावरून पदर घेतला.

“मामंजी, जेवायला वाढू का?”

“गप बस की.”

“न्हाई, आता मी तुमची सून म्हनल्यावर…” आणि त्या आठवडाभर थांबल्या नाहीत. शेजारच्या पुतळाबाईंनाही त्यांनी सांगून टाकलं, की सासरे आलेत गावाकडनं, जरा भ्रमिष्ट आहेत, पण गोण्या अजून उचलतात.

नवा चष्मा आला आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हौसेराव तो लावूनच मार्केटात गेले.

गेटातून आत शिरताच ते दचकले. सगळीकडं इतकं सामान होतं! विजेच्या तारा होत्या, तारांवर कावळे होते, कावळ्यांना चोची होत्या. नानांना मानेवर मस होता. फुलाच्या गाळ्यावरच्या फुलाला पाच पाकळ्या होत्या, मोजून घ्याव्यात अशा. आणि सूर्याच्या गाळ्यावर जो सूर्य होता, त्याला किरणं होती, डोळे होते आणि मिशी होती. चांगली पिळदार. इतकी वर्षं ह्या दारात गोण्या टाकल्या आणि सूर्याला मिशी आहे हे कुणी बोललं नव्हतं.

पहिली गाडी बटाट्याची लागली. नाना सगळ्यांत पुढं, मागं टोळी, शेवटी हौसेराव. पाठीवर गोणी घेऊन, वाकून, ठरल्याप्रमाणं त्यांनी पुढच्याच्या पाठीकडं बघितलं. पाठीवर गोणी, गोणीवर फूल. पाच पाकळ्या.

रांग सूर्याकडं वळली.

हौसेराव थांबले. पुढं नाना होते, ज्यांचं आयुष्य ह्या मार्केटात गेलं होतं. त्यांच्या मागं अख्खी टोळी होती. आणि विरुद्ध बाजूला एक चष्मा, तोही मेलेल्या माणसाच्या नावावरचा. आधीच्या चष्म्यानं घराला उतार लावला होता. हा सूर्याला मिशा लावत नसेल कशावरून? त्यांनी गोणी एका हातानं सावरून दुसऱ्या हातानं चष्मा वर केला. गोल, गोलाभोवती गडबड. खाली केला. मिशी.

टोळीच्या मागं गेलं तर चूक सगळ्यांची होती, बिल्ला राहत होता. एकट्यानं गेलं आणि चुकलं, तर आजच संपलं. नाना काय म्हणाले होते? पुढच्याच्या पाठीकडं बघायचं. त्यांनी पुन्हा बघितलं. पाठीवर फूल होतं. पाठीकडं बघून चालायचं, तर ती पाठ फुलाकडं जा म्हणत होती. माणूस सूर्याकडं चालला होता, पण माणसाकडं बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

हौसेराव फुलाकडं वळले.

“एकच?” फुलाच्या गाळ्यावरचे दिवाणजी म्हणाले. “माझी अख्खी गाडी आहे.”

“बाकीच्या येत्यात.”

“कुठून?”

“सूर्याकडनं,” हौसेराव म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

एवढ्यात नाना तरातरा आले. मागं टोळी. “हौसा! गोनी कुठं टाकलीस?”

“फुलाला.”

“आरं देवा! सूर्याचा माल हाय त्यो! आता मी काय करू तुझं? काढ, बिल्ला काढ.”

हौसेरावांचा हात बिल्ल्याकडं गेला. “नाना, गोनीवर काय हाय?”

“सूर्य!”

“मंग त्याची मिशी कुठाय?”

“तात्याचं डोकं गेलं,” कुणीतरी हळूच म्हणालं. “सूर्याला कसली आलीय मिशी?” नाना म्हणाले, पण जरा समजुतीच्या सुरात, जसं आजारी माणसाशी बोलतात.

हौसेरावांनी आशेनं कुलदीपकडं बघितलं. तो त्या दिवशी टोळीतल्या मारुतीच्या जागी बदली आला होता. “कुलदीप, तुला दिसतंय न्हवं? सांग की गोनीवर काय हाय!”

“मला दिसतंय तात्या. फूल आहे.”

“मंग सूर्याकडं का गेलास?” नाना ओरडले.

“मी आज मारुती आहे,” कुलदीप म्हणाला. “मारुतीला दिसलं नसतं.”

नाना ह्यावर विचार करत असतानाच सूर्याच्या गाळ्यावरचे दिवाणजी तणतणत आले. “कुणाचा माल टाकलाय माझ्या दारात? उचला तो आधी!”

नाना सूर्याच्या शटरपाशी गेले. लांबून बघितलं. जवळून बघितलं. आणखी जवळ गेले, इतके, की त्यांचं नाक सूर्याच्या नाकाला टेकलं.

“ही मिशी कवा काढली?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून आहे,” दिवाणजी म्हणाले.

नाना तिथंच उभे राहिले. टोळीतला एकेक जण येऊन मिशी बघून गेला. दोघांनी बोटानं चाचपून बघितली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

“बिल्ला र्‍हाऊ दे,” नाना शेवटी म्हणाले. “माल उचला रं. फुलाला.”

हौसेरावांनी बिल्ल्यावरचा हात काढला. एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. “नाना, मंग मागच्या येळी तुमी सूर्याच्या म्हनत हुता आन मी फुलाला टाकल्या… त्या चुकल्या हुत्या का बरूबर हुत्या?”

“ते आता कुनालाच सांगता यायचं न्हाई,” नाना म्हणाले. “तू असं कर, हौसा. तू म्होरं हो.”

दुसरी गाडी लागली. हौसेरावांनी पहिली गोणी पाठीवर घेतली, टोळी मागं लागली आणि नाना टोळीच्या मागं. आता पुढं कुणाची पाठ नव्हती, म्हणून चौकात येऊन हौसेरावांनी नाक्यावर रचलेल्या त्याच गाडीच्या गोण्यांवरचा मार्का बघितला. सूर्य नव्हता, फूलही नव्हतं. कुठलंतरी जनावर होतं. चार पाय लख्ख दिसत होते. शेपूट दिसत होतं. डोक्यावर काहीतरी उभं होतं, तेही दिसत होतं. डावीकडच्या शटरवर घोडा होता, उजवीकडच्या शटरवर हरीण, आणि हे ज्यानं काढलं होतं त्यानं बहुतेक दोन्ही बघितलेली नव्हती.

हौसेराव थांबले. मागं पाठीवर गोण्या घेऊन अख्खी टोळी थांबली.

“तात्या,” बऱ्याच वेळानं मागून कुणीतरी विचारलं, “दिसतंय न्हवं?”

“दिसतंय,” हौसेराव म्हणाले. “सगळं दिसतंय. थांबा जरा.”